नाळ बोलते तवर

पलूसची पिशवी भरत नव्हती, आणि का भरत नाही ते कुणालाच कळत नव्हतं.

इस्लामपूरची भरायची. मिरजेची भरायची. तासगावची तर एकदा अशी टम्म भरली की साताऱ्याच्या कंपनीतल्या पोरींनी काटा बिघडला म्हणून ती दुसऱ्या काट्यावर घातली. पण पलूसची आली की तीस मिली, पस्तीस, फार झालं तर चाळीस. साठच्या खाली गेली की पिशवी निकामी, टाकीत ठेवून उपयोग नाही. पलूसच्या नऊ पिशव्या साताऱ्याला गेल्या, त्यातल्या सात अशा वाया गेल्या. आणि पलूस म्हणजे नाथाजीचं घरचं मैदान. दुसरीकडची पिशवी पडली तर माणूस म्हणेल नशीब, पण आपल्याच गावात पडायला लागल्यावर तोंड कुठं लपवायचं?

नाथाजी सतरा वर्षं पलटणीच्या दवाखान्यात नर्सिंगचं काम करून हवालदार म्हणून सुटून आला होता. टाके घालावेत, सलाईन लावावी, मोडलेलं हाड फळीला बांधावं, ह्यात गडी पटाईत. पेन्शन घेऊन घरी आला आणि उसाला पाणी पाजायला लागला, पण मन रमेना. त्याला खोड होती चौकशीची. हिवाळ्यात विहिरीच्या पाण्याची वाफ का निघते म्हणून त्यानं सुतळीला ताप मोजायची काचेची नळी बांधून विहिरीत सोडली होती. नळी बुडाली ती बुडालीच. बायको शालूबाई म्हणाली, “विहिरीला ताप आला असंल तर गोळी बी टाका एक.” भावकीतली पोरं तेव्हापासून त्याला चौकशी हवालदार म्हणायची, ती ह्याच्या माघारी नाही, तोंडावर.

अशा माणसाला ‘जीवनाळ’ कंपनीत नोकरी लागली ह्यात नवल नाही. तिथं चौकशीला अंतच नव्हता.

कंपनी साताऱ्याची. यशराज नावाचा तिथलाच एक तरुण अमेरिकेत शिकून आला आणि सत्त्याण्णव साली त्यानं कोरेगाव रस्त्याला, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागं दोन खोल्या घेतल्या. मूल जन्मलं, नाळ कापली, की कापल्या टोकापलीकडं नाळेत आणि वारेत थोडं रक्त मागं राहतं. आजवर ते वारेबरोबर मातीत जायचं. यशराजचं म्हणणं असं की ते रक्त पिशवीत घ्यायचं, गोठवायचं आणि वीस वर्षं जपायचं. पुढं त्या पोराला रक्ताचा एखादा वाईट आजार झालाच, तर त्याचंच रक्त त्याला चढवता येईल. येईलच असं तो लिहून देत नव्हता, तेवढा प्रामाणिक होता. पहिल्या साली चौदा पिशव्या जमल्या. दुसऱ्या साली दीडशेच्या वर गेल्या. तिसऱ्या साली दोनाच्या सहा खोल्या झाल्या, चार टाक्या आल्या, आणि गावोगाव फिरणारे सात गडी झाले. सांगलीकडचा गडी नाथाजी.

त्याचं काम तसं सोपं. दिवस भरत आलेल्या बायांच्या घरी जायचं, समजावायचं. बाई अडली की दवाखान्यात पिशवी पोचवायची, बाहेर बाकावर बसायचं. आत सिस्टर नाळेला सुई टोचून पिशवी खाली सोडायची. भरली की ती थर्माकोलच्या डब्यात घालून किर्लोस्करवाडीला गाडी पकडायची आणि सातारा गाठायचा.

अवघड होतं ते समजावणं. शहरात यशराज चित्रं दाखवायचा. इकडं चित्रं कोण बघतो? नाथाजीनं आपली तऱ्हा काढली.

“डेरीचा डॉक्टर गाईला भरवाया येतो, तवा त्येच्या मोटरसायकलला जर्मनचं भांडं आसतंय का न्हाई? झाकण उघडलं की धूर निघतोय?”

“आसतंय की.”

“त्यात वळूचं बी गोठीवल्यालं आसतंय. वळू मरून धा वरसं झाली तरी बी जित्तं. तसंच ह्ये. तसल्याच धुरात ठिवायचं.”

हे मात्र लगेच कळायचं. कुंडलच्या एका म्हाताऱ्याला तर इतकं कळलं की त्यानं विचारलं, “मग भांडं येकच हाय का येगळं? न्हाई, अदलाबदल झाली तर पोरगं हंबरायचं.”

बुर्लीच्या बनुबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि कनवटीची चंची सोडली. तीतून चांदीची डबी, डबीतून तीन काळे, वाळलेले खडे. “ह्या माज्या तिन्ही ल्योकांच्या नाळा,” ती म्हणाली. “गळून पडल्या तवापासनं जपल्यात. पोटात दुखलं की सानंवर उगाळून द्यायची. तुजी कंपनी आत्ता निघाली, माजी तीस वरसांची हाय.” नाथाजीनं डबी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, नाळ कशानं टिकली असेल म्हणून वासही घेतला.

तर अशी सगळी घडी बसत आली होती आणि पलूसनं दगा दिला.

नव्व्याण्णवच्या जून महिन्यात यशराजनं त्याला साताऱ्याला बोलावलं. मिरजेला कंपनीची शाखा निघायची होती, दिवाळीच्या पाडव्याला. सगळा सांगली जिल्हा तिच्याखाली. शाखेला प्रमुख हवा.

“माझ्या मनात तुम्हीच आहात नाथाजी,” यशराज म्हणाला. “पण ज्याच्या स्वतःच्या गावच्या पिशव्या पडतात त्याला प्रमुख कसं करू? दिवाळीच्या आत पलूसचं कारण शोधा. मिरज तुमची. नाही सापडलं तर कराडचा अर्जुना आहेच.”

अर्जुना म्हणजे कराडकडचा गडी, वयानं बारा वर्षांनी लहान आणि बोलायला मिठ्ठास. नाथाजीला मिरज हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण खरं म्हणजे मिरजेच्या शाखेत एक टाकी राहणार होती आणि एक सूक्ष्मदर्शक. इतकी रक्तं वाहिली, पण आत काय असतं ते त्यानं एकदाही डोळ्यानं बघितलं नव्हतं.

तो कामाला लागला. आधी सुयांवर संशय घेतला. सुया इस्लामपूरला वापरून बघितल्या, पिशवी भरली. मग थर्माकोलच्या डब्यावर घेतला, मग रस्त्यावर, हादऱ्यानं रक्त कमी होतं की काय म्हणून. डबा मांडीवर घेऊन गाडीत बसला, पिशवी तेवढीच. मग पलूसच्या बाया अशक्त म्हणावं, तर त्यातली एक बाई बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत भारे वाहत होती. शालूबाई म्हणाली, “दवाखान्याची दिशा तेवढी ऱ्हायलीया बघायची.” नाथाजीनं ती पण बघितली, कुणाला न सांगता.

शेवटी त्यानं पलटणीची सवय काढली. वही घेतली, रेघा मारल्या, नऊही पिशव्यांची तारीख, वेळ, वार लिहिला. भरलेल्या दोनच. एक चौदा एप्रिलची. दुसरी बुद्धपौर्णिमेची.

दोन्ही सुट्टीचे दिवस. आता सुट्टीच्या दिवशी बाईला रक्त जास्त होतं की काय? दोन दिवस त्यानं ह्याच्यावर डोकं खपवलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला आणि डॉक्टरीणबाईंना हजेरीचं पुस्तक मागितलं. दोन्ही तारखांना एकाच नावापुढं रजा होती. बाळाबाई, आया.

बाळाबाईला तो ओळखत होता. सगळं पलूस ओळखत होतं. साठीची, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तिची सासू गावची सुईण. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला, गावकीची मेली ढोरं ओढायची कामं टाकली, तेव्हा सासूनं सुईणपण पण टाकलं होतं. गावातल्या बाया अडायला लागल्या तशी माणसं वस्तीत येऊन हाताला धरायला लागली. सासू म्हणाली, येते, पण आता परड्याच्या दारानं येणार नाही, पुढच्या दारानं येणार, आणि माझ्या माघारी घर धुतलेलं कळलं तर पुन्हा पाऊल टाकणार नाही. पाटलाच्या घरी पहिल्यांदा पुढच्या दारानं गेली तेव्हा मागोमाग सामानाची पिशवी घेऊन बाळाबाई होती, नुकती लग्न होऊन आलेली. सगळं तिथंच शिकली. पुढं दवाखाना निघाला तशी आया म्हणून लागली. आता कामावर असलेल्या सिस्टरचा जन्मसुद्धा तिच्याच हातचा.

नाथाजीनं डॉक्टरीणबाईंना गळ घातली. पुरुष माणूस बाळंतपणाच्या खोलीत? बाईंनी कपाळाला हात लावला. पण पिशव्यांचं कोडं त्यांनाही पडलंच होतं. हिरवा पडदा ओढला आणि त्याला पलीकडं भिंतीकडं तोंड करून उभा केला. त्याला भिंत दिसत होती, आणि कान होते.

बाई ओरडली, सुटली, पोर रडलं. सिस्टर म्हणाली, “चिमटा द्या.”

आणि मग बाळाबाईचा आवाज आला. “थांब गं.”

“मावशी, पिशवीचं हाय.”

“असू दे की पिशवीचं. नाळ बोलतीया अजून.”

नाथाजीनं मनगट डोळ्यांसमोर धरलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. आत पोर मधूनच चिरकत होतं. चार मिनिटं आणि दहा सेकंदांनी बाळाबाई म्हणाली, “हां, गप झाली. काप आता.” पिशवीत आलं चौतीस मिली.

दवाखान्यामागच्या नळावर ती मेणकापड धूत होती तिथं त्यानं तिला गाठलं.

“मावशी, नाळ काय बोलतीया?”

“आलास व्हय चौकशीला? वाट बगत हुते.” तिनं मान वर केली नाही. “तुजी नाळ माज्या सासूनं कापलीया. म्हनायची, हेची लांब ऱ्हायली. म्हनून नाक खुपसत फिरतूस.”

“ते ऱ्हाऊ द्या. बोलतीया म्हंजे काय?”

तिनं हात पुसले आणि त्याचं मनगट धरलं, नाडीवर बोट दाबलं. “ही उडती का न्हाई? तशी नाळ बी उडती. पोर भाईर आलं तरी उडती. जाड असती, निळी, वल्ल्या येटोळ्यागत. तिला बोट लाव, टुकटुक, टुकटुक. तवर पोराचं पोराकडं चाललेलं असतंय. मग कमी हुतं, कमी हुतं, आन थांबतंय. मग बग तिला. सुतळीगत पांढरी पडती. पोराची मूठ बग, जांभळी हुती ती लाल हुती. मग कापायची. सासूनं मला हेच शिकीवलं. तिच्या हातनं पाटलाचं पोर झालं काय आन आमच्या वस्तीतलं झालं काय, बोलनं संपल्याबिगर तिनं कोयती लावली न्हाई.”

“पन मावशी, ते रक्त आमी पोरासाटीच ठिवतोय की.”

“पोरासाटीच?”

“मग? दुसऱ्या कुनाच्या कामाचंच न्हाई ते.”

“मग पोरातच ठिवा की! साताऱ्याला कशाला न्यायचं?”

नाथाजी तिथंच नळाच्या कट्ट्यावर बसला.

कारण सापडलं होतं. साताऱ्याला फोन लावायचा, आया बदला म्हणायचं, मिरज आपली. पण चौकशी हवालदाराच्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. पोराकडं जातं म्हणते, तर किती जातं?

आठ दिवसांनी तो डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, पोरं मोजायचा काटा जरा हलवून ठिवला तर चालंल?”

दवाखान्यात लहान मुलांचा वजनकाटा होता, वर पाळणा आणि पुढं घड्याळासारखी तबकडी. नाथाजीनं स्टुलावर फळ्या रचून तो बाळंतपणाच्या टेबलाला लावला, टेबलाच्या उंचीला. बेत असा, की ज्या बाईची पिशवी ठरलेली नाही अशा बाईचं पोर नाळेसकट काट्यात ठेवायचं, नाळ न कापता, आणि काटा बघायचा. बाईंनी आधी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, “मी स्वतः उभी राहणार. पोराला गार लागता कामा नये.” कॉलेज सुटल्यापासून त्यांना कुणी असं काही विचारलंच नव्हतं.

पहिलं पोर आमणापूरच्या बाईचं. बाळाबाईनं ते कोमट फडक्यात गुंडाळून काट्यात ठेवलं, नाळ तशीच आईकडं गेलेली. पडद्यापलीकडून नाथाजी ओरडला, “किती?”

“दोन किलो सातशे वीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अर्धं मिनिट गेलं.

“दोन सातशे पन्नास.” बाईंचा आवाज बदलला. “अगं, हलतोय काटा.”

“पोर हलत असंल.”

“पोर निपचित पडलंय, माझ्याकडं टकामका बघतंय. सातशे सत्तर. सिस्टर, तू बघ, मी बरोबर वाचतेय ना?”

“सातशे ऐंशी, बाई.”

तीन मिनिटांनी काटा दोन किलो आठशेवर आला आणि थांबला. ना कुणी दूध पाजलेलं, ना पाणी. ऐंशी ग्रॅम पोर फुकटचं वाढलं होतं. बाळाबाईनं नाळ चाचपली आणि म्हणाली, “गप झाली.”

मग पडद्याकडं वळून म्हणाली, “काट्याला इचारलंसा म्हनून सांगितलं त्येनं. मी चाळीस वरसं सांगतीया.”

गणपतीपर्यंत त्यांनी अकरा पोरं तोलली. कुणी साठ ग्रॅमनं वाढलं, कुणी शंभरनं. नाथाजीनं वहीत एका बाजूला पोरानं किती घेतलं ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला पिशवीत किती कमी पडतं ते. दोन्ही बाजू जवळजवळ जुळत होत्या. पलूसची पिशवी भरत का नाही ते आता उघड होतं. पलूसची पोरं ती भरून घेत होती.

वही घेऊन तो साताऱ्याला गेला. यशराजनं नीट वाचली, दोनदा वाचली.

“अकरा मुलं म्हणजे काहीच नाही नाथाजी.”

“व्हय. पन आपल्याकडं हुती त्यापरास अकरा जास्त हायेत.”

“जगभर सगळे डॉक्टर लगेच कापतात. पोरांना काही होत नाही. आपण कुणाचं चोरत नाही. जे टाकून दिलं जातं ते घेतो.”

“टाकून दिलं जातं का कापून अडीवलं जातं, त्येवढंच बगितलं मी.”

यशराज उठून खिडकीशी गेला. माणूस वाईट नव्हता. पण मिरजेच्या जागेचा करार झाला होता, टाकी मुंबईहून निघाली होती. “आया बदला,” तो म्हणाला. “मी बाईंना फोन करतो.”

“नगा. मी बोलतो.”

“आणि तुमच्या शिवांजलीचे दिवस भरत आलेत ना? कामगारांची पिशवी कंपनी फुकट ठेवते. पलूसची पहिली भरलेली पिशवी तुमच्या नातवाची असू दे. पाडव्याच्या पत्रकात तुमचा फोटो छापू. गावातल्या लोकांनी बघितलं की हवालदारानं स्वतःची ठेवली, की पलूस उभं राहील. पिशवी भरली की मिरज तुमची. आता मधे काही नाही.”

एवढं सोपं करून त्याला कुणी काही दिलं नव्हतं.

शिवांजली पहिलटकरीण, विट्याहून माहेरी आलेली. ऑक्टोबर उजाडला. नाथाजी रोज दवाखान्यात जायचा आणि बाळाबाईशी काही न बोलता परत यायचा. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, “तुजं काय ते मला कळलंय. सिस्टरनं सांगितलं. लेक तुजी. रजा टाक म्हन, टाकते. मला काय, वाळवान घालाय दिवस मिळंल.”

“तसं न्हाई मावशी.”

“मग कसं?”

“बगू.”

“बगू बगू करत पोर भाईर यील, नाथाजी. ते काय तुज्या वहीला इचारून येनार न्हाई.”

आणि तसंच झालं. दसऱ्यानंतरच्या बुधवारी सकाळी शिवांजलीला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचले तेव्हा बाळाबाई कामावरच होती. डॉक्टरीणबाई एका अडलेल्या बाईला घेऊन मिरजेला गेलेल्या. नाथाजीनं पिशवी आत दिली, बाहेर बाकावर बसला. शेजारी शालूबाई. ती तोंडानं काही पुटपुटत होती, हातानं त्याच्या सदऱ्याचा कोपरा चुरगळत होती.

दुपारी दोनच्या सुमारास आत पोर रडलं. शालूबाई उठून उभी राहिली. दार जरासं उघडलं, सिस्टरचं अर्धं तोंड दिसलं.

“काका, मुलगा हाय. चिमटा घेतलाय हातात. कापू?”

नाथाजी वाट बघत राहिला. आतून ‘थांब गं’ ऐकू येईल म्हणून. पण ह्या खेपेला बाळाबाई काहीच बोलली नाही. तिनं ते त्याच्यावर टाकलं होतं.

“काका, कापू का?”

“मावशी,” त्यानं दाराकडं तोंड करून विचारलं, “मूठ कसली हाय?”

“जांभळागत.”

“नाळ?”

“लय जोरात हाय. आज्यावर गेल्याली दिसतीया, थांबंना.”

नाथाजीनं घड्याळाकडं बघितलं. “थांबा,” तो म्हणाला.

शालूबाईनं त्याच्याकडं वळून बघितलं. “आवं, आन तुमची मिरज?”

“गेली.”

ती खाली बसली. म्हणाली, “बरं झालं. मिरजंला रोज कोन जाऊन येनार? डास लय तितं.” आणि पुन्हा त्याच्या सदऱ्याचा कोपरा धरला.

पाच मिनिटं आणि चाळीस सेकंद लागली. तेवढा वेळ दार अर्धं उघडं होतं, आणि त्यानं एकदाही नजर घड्याळावरनं काढली नाही. मग बाळाबाई म्हणाली, “काप.” सिस्टरनं जे उरलं ते पिशवीत घेतलं. नातू लाल मुठी हवेत उगारून दवाखाना डोक्यावर घेत होता. नाथाजीनं त्याला पाहिलं, मूठ उघडून आतला रंग बघितला आणि पिशवी तोलली. एकतीस मिली. चिठ्ठीवर त्यानं एकतीसच लिहिलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘कापायच्या आधी ५ मिनिटे ४० सेकंद थांबलो.’

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन तो यशराजसमोर बसला. पिशवी काट्यावर घालायची गरज नव्हती, हातात घेतल्यावरच कळत होतं.

“आया बदलली नाहीत.”

“न्हाई.”

“रजेवर पण पाठवली नाही.”

“न्हाई. तिनं तर तोंड बी उघडलं न्हाई. मीच थांबा म्हनलं.”

यशराजनं चिठ्ठी वाचली. त्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “मिरजेला अर्जुना जाईल,” तो म्हणाला. “मला इलाज नाही नाथाजी.”

“व्हय. ते मी धरूनच आलोय.”

“पलूस, तासगाव तुमच्याकडं राहील. पण लोकांना काय सांगणार तुम्ही?”

“दोन्ही सांगनार. लगीच कापली तर पिशवी भरंल, थांबला तर पोर भरंल. काय पायजे ते तुमीच ठरवा. आन तुमी काय केलं म्हनून इचारलं, तर तेबी सांगनार.”

“मग पिशव्या येणार नाहीत.”

“थोड्या येतील. ज्येला पायजेल त्येच्या येतील.”

यशराज हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं हात पुढं केला. “वही आणलीय?”

नाथाजीनं खांद्याच्या पिशवीतून वही काढली. आता तेरा नोंदी होत्या. यशराजनं पेन घेऊन उभ्या बेरजा केल्या, मग एका आकड्यावर थांबला. “ही बोरगावची. सात मिनिटं? चूक नाही ना लिहायला?”

“मी घड्याळ लावून उबा हुतो. सात.”

“सात मिनिटं नाळ उडत राहते?” तो स्वतःशीच म्हणाला. “मी अमेरिकेत चार वर्षं ह्या रक्तावर काम केलं. कुणी किती वेळ उडते ते मोजून दाखवलं नाही. आमच्याकडं रक्त यायचं तेच पिशवीतून.”

तेवढ्यात फोन वाजला. बाहेरच्या पोरीनं आत डोकावून सांगितलं, पलूसचा आहे, हवालदार काकांना. नाथाजीनं फोन घेतला. पलीकडून सिस्टर धापा टाकत बोलत होती.

“काका, बाळाबाई म्हनत्यात लवकर या. दुधोंडीची बाई आलीया, जुळं हाय. अजून तीन-चार तास जातील म्हनत्यात. काटा मांडून ठिवलाय, पन पाळना येकच हाय, दुसऱ्याला काय करायचं?”

“तराजू आना कुनाच्या तरी दुकानातनं. धुऊन घ्या चांगला. आलोच मी.” त्यानं फोन ठेवला, डबा उचलला. घड्याळात साडेअकरा वाजले होते. आगगाडी गेली होती, एस.टी.नं कराडमार्गे चार तास.

“पिशवी ठरलीय का त्यांची?” यशराजनं विचारलं.

“न्हाई. नुसतं घड्याळ घिऊन चाललोय.”

नाथाजी जिन्यात पोचला तेव्हा मागून पावलं वाजली. यशराज गाडीच्या किल्ल्या घेऊन उतरत होता. “एस.टी.नं पोचेपर्यंत होऊन जाईल सगळं,” तो म्हणाला. “मिरजेचं बदलणार नाही हां. ते ठरलं.”

“मिरज कोन मागतंय?”

कराडच्या पुढं उसाच्या बैलगाड्या रस्ताभर पसरल्या होत्या. यशराज हॉर्न वाजवून थकला. नाथाजी वही मांडीवर घेऊन नव्या रेघा आखत होता, ह्या खेपेला दोन रकाने पाडायचे होते. आखता आखता त्याचा हात थांबला.

“सायेब, जुळ्याला वार येक असती का दोन?”

“दोन्ही तऱ्हा असतात.”

“आन येक असली, तर पयल्याची नाळ कापल्यावर त्येच्या वाटनीचं दुसऱ्याकडं जातंय का काय?”

यशराजनं वहीतल्या त्या दोन रकान्यांकडं एकदा बघितलं. पुढची बैलगाडी जराशी कडेला सरकली होती. त्यानं गाडी तिथनं घातली.